संत्र्याचे भाव: तक्ता आणि आलेख एकाच माहितीवर कसे चालवायचे?

कोडकाटोल | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. मूळचा काटोलचा, नोकरीपायी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. गावाकडच्या संत्रा बागायतदारांचा एक गट आहे, माझे बाबाही त्यात आहेत. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी बसून एक पान बांधून राहिलो आहे. कळमन्यासह चार बाजारांतले संत्र्याचे रोजचे भाव, वर तक्ता, खाली आलेख. माहिती सहा वर्षांची. तारीख, बाजार, प्रत, एकक, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर आणि शेरा असे नऊ रकाने. ओळी भरतात सुमारे १४,४००.

आता अडचणी. बाबांच्या फोनवर पान उघडलं की कितीतरी वेळ ते जागचं हलत नाही. आलेखात बाजार बंद असलेल्या प्रत्येक दिवशी भाव शून्यावर आपटतो, आणि मध्येच काही दिवस दहापट उंच सुळके येतात. शिवाय तक्त्यात 'सर्वसाधारण दर' या मथळ्यावर टिचकी मारून चढता क्रम लावला, तर २,८०० आधी येतो आणि ९५० नंतर.

आधीच्या नोकरीत एक्स्ट जेएस या वेबपानं बांधायच्या तयार संचावर (टूलकिटवर) काम केलं होतं, तिथे ग्रिड (तक्ता) आणि चार्ट (आलेख) आयते मिळायचे. इथे खर्चाला पैसे नाहीत, म्हणून तक्ता हातानं एचटीएमएलमध्ये आणि आलेख चार्ट डॉट जेएस या मोफत आलेख-संचात केला. अख्खं टूलकिट घ्यावं का? आंबिया बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आत हे नीट चालायला हवं आहे.

इतवारीचा | रविवार, रात्री १०.५२

फोन का अडतो ते आधी. १४,४०० ओळी गुणिले ९ म्हणजे १,२९,६०० खाने. ब्राउझरला तेवढे घटक बनवून प्रत्येकाची रुंदी मोजून मांडायला लावतोस. फोनच्या पडद्यावर एका वेळी दिसतात पंधरा-वीस ओळी. तेवढ्याच बनवायच्या. बोट वर सरकलं की त्याच ओळींत नवी माहिती भरायची. ओळीची उंची ४० पिक्सेल ठरवून टाकलीस तर ५,७६,००० पिक्सेल उंचीचा रिकामा डबा ठेवायचा, म्हणजे सरकपट्टी खरी वाटते आणि आत फक्त दिसणाऱ्या ओळी राहतात. टॅब्युलेटर आणि एजी ग्रिड हे तक्त्यांचे दोन तयार संच हे आपसूक करतात. टॅब्युलेटर पूर्ण मोफत आहे. एजी ग्रिडची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे, पण पिव्होट (माहितीचे गट पाडून बेरजा) आणि एक्सेलमध्ये थेट निर्यात सशुल्क आवृत्तीत. तुझ्या कामाला टॅब्युलेटर पुरेल.

धरमपेठ_गल्ली३ | सोमवार, सकाळी ७.२०

टूलकिटपेक्षा दुसरीकडे लक्ष दे, असं मला वाटतं. तू एक्स्ट वापरलंस म्हणून तिथूनच सांगतो.

एक्स्टची सुरुवात २००६ मध्ये याहूच्या वाययूआय या संचाला जोड म्हणून झाली. २०१० मध्ये कंपनीला सेंचा हे नाव आलं, २०११ च्या चौथ्या आवृत्तीत आलेखांची नवी घडण आली. मी तेव्हापासून त्यावर काम केलं. त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट ग्रिडही नव्हती आणि चार्टही नव्हता. ती होती स्टोअर. आधी मॉडेल लिहायचं: हा रकाना आकडा, हा तारीख, हा मजकूर. सर्व्हरकडून आलेली माहिती रीडरमधून जाताना त्या त्या प्रकारात बदलायची आणि मग स्टोअरमध्ये बसायची. ग्रिड त्याच स्टोअरला जोडलेला, चार्टही त्यालाच. स्टोअरवर गाळणी लावली की तक्ता आणि आलेख दोन्ही बदलायचे. दोघांना वेगवेगळी माहिती मिळायची सोयच नव्हती.

तू काय केलं असशील ते तुझ्या लक्षणांवरून दिसतं. तक्त्यात सर्व्हरचा मजकूर जसाच्या तसा ओतला आणि आलेखासाठी वेगळं फंक्शन लिहून त्याचे आकडे केले. म्हणून तक्ता "२,८००" आणि "९५०" यांना शब्दांसारखं लावतो. २ हे अक्षर ९ च्या आधी, एवढंच त्याला कळतं. जावास्क्रिप्टच्या साध्या सॉर्टला तुलनेचं फंक्शन दिलं नाही, तर खऱ्या आकड्यांनाही ते मजकूर समजूनच लावतं.

शून्याचं मूळ मला ठाऊक आहे, कारण त्यात मी एकेकाळी दोन दिवस घालवले. रिकामा मजकूर नंबर या फंक्शनला दिला तर उत्तर शून्य येतं. नल, म्हणजे 'काहीच नाही' ही खूण, तिचंही शून्य. चूक दाखवत नाही, थांबत नाही, सरळ शून्य. बंद दिवसाचा रिकामा खाना तुझ्या आलेखात "भाव शून्य रुपये" होऊन बसला आहे.

आणखी दोन खड्डे. स्वल्पविराम असलेला "२,५००" इंग्रजी आकड्यांत लिहून पार्सफ्लोट या मजकुरातून आकडा काढणाऱ्या फंक्शनला दिला तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि २ परत देतं. देवनागरी अंकांतला मजकूर तर नंबरला कळतच नाही, "आकडा नाही" असं उत्तर येतं. म्हणून माहिती आत येते त्याच दारावर एकदाच धुऊन घे: स्वल्पविराम काढ, देवनागरी अंक बदल, रिकाम्याला नलच राहू दे. त्यानंतर सगळ्यांनी त्या एकाच रांजणातलं पाणी प्यायचं.

तारखा तपासल्यास का?

कोडकाटोल | सोमवार, रात्री ९.०५

काका, तुम्ही लिहिलं तसंच निघालं. पार्सफ्लोटही वापरलं होतं. आलेखात २ रुपये, ३ रुपये असे बारीक ठिपके तळाशी होते आणि मी त्यांनाही शून्यच समजत होतो.

तारखांचंही निघालं. "०५/०४/२०२४" ही आपल्याकडची ५ एप्रिल, ब्राउझरनं ती ४ मे धरली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा अशा इकडे तिकडे गेल्या होत्या, आणि १३ पासूनच्या अवैध म्हणून गळाल्या होत्या. आता दिवस, महिना, वर्ष स्वतः तोडून घेतो.

पण त्यानंतर एक नवीन घोळ झाला. साठवताना तारखेचा मजकूर करणारं टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन वापरलं, तर प्रत्येक नोंद एक दिवस मागे जाते. असं काऊन होते?

धरमपेठ_गल्ली३ | सोमवार, रात्री ९.३०

आपली मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचच्या आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. ते फंक्शन ग्रिनिचच्या वेळेत लिहितं, म्हणून ५ एप्रिलची ४ एप्रिल होते. बाजारभावाच्या तारखेला वेळ नसतेच. वर्ष-महिना-दिवस असा साधा मजकूर ठेव, क्रमही बरोबर लागतो.

कोडकाटोल | मंगळवार, रात्री ११.४०

सुळक्यांचा उलगडा झाला आणि तो लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

एकक. काही नोंदी क्विंटलच्या, काही टनाच्या. एक टन म्हणजे दहा क्विंटल, त्यामुळे २,५०० रुपये क्विंटल आणि २५,००० रुपये टन हा एकच भाव. माझ्या तक्त्यात 'एकक' असा रकाना होता, पण फोनवर जागा पुरेना म्हणून मीच तो लपवला होता. सहा वर्षांची माहिती तक्त्यात महिनाभर पाहत होतो, एकदाही खटकलं नाही. आलेखात पहिल्या मिनिटाला दिसलं.

आता दारावरच सगळं क्विंटलमध्ये बदलतो आणि मूळ एकक वेगळ्या रकान्यात जपून ठेवतो.

ऋतुचक्र | बुधवार, दुपारी ३.१०

हा धागा वाचून राहवलं नाही. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि मुलांना याच गोष्टी सांगत असते.

आधी सुळक्यांबद्दल, कारण तू कारण शोधलंस आणि मग दुरुस्त केलंस, हे फार बरं झालं. बरेच जण आलेखाच्या अक्षाला कमाल मर्यादा लावून सुळका नुसता कापून टाकतात. ३० मे २०२४ ला आपल्या नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. बातमी देशभर गेली आणि मग हवामान खात्यानं सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. तो आकडा आलेखात आला की बाकीचा सगळा उन्हाळा खाली चेपून सपाट दिसतो. तो गुपचूप पुसला तर पाहणाऱ्याला काही घडल्याचं कळतच नाही. वेगळ्या खुणेनं दाखवायचा, अक्ष त्याच्यावरून ठरू द्यायचा नाही, आणि तक्त्यात त्याच्यापुढे शेरा लिहायचा. तुझ्याकडे शेऱ्याचा रकाना आहेच.

आता सरासरीबद्दल, कारण तू महिन्याची सरासरी नक्की काढणार. समज, सोमवारी २,००० क्विंटल माल २,५०० नं गेला आणि शनिवारी फक्त १०० क्विंटल ४,००० नं. दोन भावांची साधी सरासरी ३,२५०. पण आवकेचं वजन धरून काढलीस तर सुमारे २,५७१. शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्ष पडलेला भाव हा दुसरा. साधी सरासरी दाखवलीस तर तुझे बाबा आणि त्यांचे सोबती ३,२५० ची आशा धरून गाडी भरतील. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तिसरं, आडवा अक्ष जानेवारी ते डिसेंबर ठेवू नकोस. आंबिया बहार वर्षाअखेरीस बाजारात येतो आणि नव्या वर्षात ओसरतो, मृग बहार त्यानंतर फेब्रुवारी-मार्चकडे. कॅलेंडर वर्षानं कापलंस तर एका हंगामाचे दोन तुकडे होतात आणि दोन वेगळ्या हंगामांची शेपटं एका वर्षात चिकटतात. 'हंगामाचा पहिला आठवडा, दुसरा आठवडा' असा अक्ष घे आणि सहा वर्षांच्या सहा रेषा एकावर एक ठेव. चालू हंगाम ठळक, बाकीचे पाच करडे.

इतवारीचा | बुधवार, सायंकाळी ६.००

ताईंचा आठवड्याचा मुद्दा तांत्रिक बाजूनंही बरोबर. १,८०० दिवसांची रेषा ३६० पिक्सेलच्या पडद्यावर म्हणजे एका पिक्सेलवर पाच ठिपके. चार्ट डॉट जेएसमध्ये ठिपके विरळ करायची सोय आहे, पण आठवड्याची वजनी सरासरी काढलीस तर तिची गरजच उरत नाही.

बंद दिवसाचं नल तसंच जाऊ दे. चार्ट डॉट जेएस तिथे रेषा तोडतं. 'स्पॅनगॅप्स' हा पर्याय सुरू केला तर जोडतं. तो सुरू करू नकोस.

धरमपेठ_गल्ली३ | बुधवार, रात्री ८.४५

आवक आणि भाव एकाच आलेखात घे, असं सुचवतो. आवकेचे खांब डावीकडच्या अक्षावर, भावाची रेषा उजवीकडच्या. आवक वाढली की भाव उतरतो हे एका नजरेत दिसेल. कार्यालयांत आम्ही वर्षानुवर्षे असंच दिलं आहे.

ऋतुचक्र | बुधवार, रात्री ९.२०

काका, इथे मी सहमत नाही. दोन अक्ष असले की रेषा खांबांना कुठे छेदते ते सर्वस्वी आपण निवडलेल्या मापावर ठरतं. उजवा अक्ष २,००० पासून सुरू केला तर एक गोष्ट दिसते, शून्यापासून केला तर दुसरीच. पाहणारा त्या छेदाला अर्थ देतो आणि त्यात अर्थ नसतो. दोन आलेख एकाखाली एक ठेवा, आडवा अक्ष दोघांचा एकच. वर भाव, खाली आवक. खांबांचा अक्ष शून्यापासूनच हवा, कारण खांबाची लांबी हाच आकडा असतो. रेषेला ते बंधन नाही.

धरमपेठ_गल्ली३ | बुधवार, रात्री ९.५०

घरच्या संगणकावर दोन्ही करून पाहिलं. तुमचं पटलं. माझ्याच माहितीवर उजवा अक्ष जरा सरकवला आणि चित्राचा अर्थ फिरला. कोडकाटोल, माझं वरचं धरू नकोस.

बागायती_नरखेड | गुरुवार, सकाळी ६.०५

भाऊ, मी कोडवाला नाही, संत्र्यावाला आहे. पोरानं हा धागा दाखवला. मले तुमच्या पानावर काय पाहाचं रायते ते सांगतो. आज गाडी भरू का दोन दिवस थांबू, एवढंच. त्याच्यासाठी सहा वर्षं नाही लागत. कालचा भाव, कालची आवक आणि मागच्या वर्षी याच आठवड्यात काय होतं, हे तीन आकडे वरतीच मोठे दिसले पाहिजेत. खाली काय ठेवाचं ते ठेवा.

आणि प्रत. मोठं फळ आणि बारीक फळ यांच्या भावात लय फरक रायते. दोन्ही एका रेषेत नका मिसळू. तसं केलं तर कोणाचाच भाव खरा दिसत नाही.

कोडकाटोल | गुरुवार, रात्री १०.३०

काका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, बाबांनीही नाही. (आत्ता विचारलं, तर म्हणाले "ते तर सगळ्यालेच माहीत आहे.") प्रतीनुसार वेगळ्या रेषा करतो. तीन आकडे वर घेतले.

देवनागरीबद्दल विचारायचं होतं. आकडे आपल्या अंकांत हवे आहेत, हजार-लाखाच्या स्वल्पविरामांसकट. शिवाय गटाला दर आठवड्याला कागदावर छापून हवं आहे, आणि ग्रामपंचायतीतला मुलगा एक्सेलमध्ये मागतो.

इतवारीचा | गुरुवार, रात्री ११.१५

आकड्यांसाठी ब्राउझरमध्येच इंटल नंबरफॉरमॅट नावाची सोय आहे. मराठी-भारत असं सांगितलं की ते १२,३४,५६७ असं देवनागरी अंकांत आणि लाखाच्या गटात देतं. हिंदी सांगितलं तर गट तेच, पण अंक इंग्रजी येतात. फक्त हे शेवटच्या टप्प्यावर, दाखवताना करायचं. रांजणात आकडा आकडाच राहू दे, नाहीतर सोमवारचाच घोळ परत.

बाजारांच्या नावांचा क्रम लावायला इंटल कोलेटर वापर, तोही मराठीचा. युनिकोडच्या क्रमात ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. कळमेश्वरसारख्या नावांना यानं फरक पडतो.

आलेखातला मजकूर कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्राच्या चौकटीवर, काढला जातो. वेबफॉन्ट (नेटवरून येणारा फॉन्ट) उतरायच्या आधी आलेख काढलास तर तो दुसऱ्याच फॉन्टमध्ये निघतो आणि तसाच राहतो. फॉन्ट तयार झाल्याची खूण ब्राउझर देतं, ती येईपर्यंत थांब. बाजार बदलला की जुना आलेख डिस्ट्रॉय कर किंवा त्यातली माहिती बदलून अपडेट कर, नाहीतर "कॅनव्हास आधीच वापरात आहे" अशी चूक येईल.

पीडीएफसाठी जेएसपीडीएफ या कोड-संचाच्या नादी लागू नकोस. जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. ब्राउझरच्या छपाईतून पीडीएफ कर, अक्षरं बरोबर येतात. आभासी तक्ता (दिसतात तेवढ्याच ओळी बनवणारा) छापताना फक्त दिसणाऱ्या ओळी छापल्या जातील, म्हणून छपाईसाठी आठवड्याचा छोटा पूर्ण तक्ता वेगळा बनव.

एक्सेलसाठी देशील त्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ ची बीओएम खूण (अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवली ते सांगणारी) टाक. ती नसेल तर एक्सेल मराठीचा चिखल करतं.

कानांनी_वाचतो | शुक्रवार, दुपारी १.४०

मी दृष्टिहीन आहे, बँकेत काम करतो, पडदावाचक (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. हा धागा सुरुवातीपासून ऐकून राहिलो आहे.

कॅनव्हासवरचा आलेख माझ्यासाठी रिकामी चौकट असते. पडदावाचक तिथे थांबतो, काहीच बोलत नाही आणि पुढे जातो. त्यामुळे तुमचा तक्ता हाच माझा आलेख. तो खऱ्या टेबल घटकातच करा. डिव्ह या साध्या चौकटींचा तक्ता दिसायला तसाच असला तरी त्यात खाली सरकताना मी कुठल्या रकान्यात आहे ते मला कळत नाही, नुसते आकडे ऐकू येतात. मथळ्याच्या खान्यांना स्कोप (हा मथळा कशाचा ते) द्या आणि तक्त्याला कॅप्शन (नाव).

इतवारीचा यांनी सांगितलेल्या दिसतील तेवढ्याच ओळी बनवण्याच्या पद्धतीत आम्हाला आणखी एक त्रास होतो. वाचक सांगतो की तक्त्यात वीसच ओळी आहेत. एकूण किती आणि ही कितवी, हे आरिया-रोकाउंट आणि आरिया-रोइंडेक्स या गुणधर्मांनी सांगता येतं. तयार ग्रिड घेताना ते त्यात आहेत का हे आधी पाहा.

आलेखाला एका वाक्याचं वर्णनही जोडा. "चार्ट" एवढं नको. "कळमना, आंबिया, मोठं फळ: या आठवड्यात भाव उतरला, आवक वाढली" असं. हे वाक्य तुमच्याच आकड्यांवरून आपोआप तयार करता येईल.

ऋतुचक्र | शुक्रवार, दुपारी २.१५

हे वाक्य सगळ्यांनाच दिसू दे, आलेखाच्या डोक्यावर. मी पण आधी तेच वाचेन.

कोडकाटोल | पुढचा गुरुवार, रात्री १०.५०

पान चालू झालं. कुठलं मोठं टूलकिट घेतलं नाही. माहिती दारावर धुऊन एका स्टोअरसारख्या छोट्या ऑब्जेक्टमध्ये ठेवतो, तिथे बाजार आणि प्रतीची गाळणी, आणि बदल झाला की तक्ता, दोन्ही आलेख, वरचे तीन आकडे आणि वर्णनाचं वाक्य या सगळ्यांना तेच कळवतं.

तक्त्याबाबत मन बदललं. आभासी ओळी सोडल्या. आधी एकच हंगाम, एकच बाजार, एकच प्रत दाखवतो, मग ओळी शंभरच्या आसपासच भरतात. तेवढ्यासाठी साधा टेबल घटक पुरतो, फोनही अडत नाही आणि कानांनी_वाचतो यांना पूर्ण तक्ता मिळतो. जुने हंगाम मागितल्यावरच येतात. क्रम लावायचा तर पूर्ण हंगामावर लागतो, दिसणाऱ्या पानापुरता नाही.

बंद दिवसाची ओळ काढून टाकायची की ठेवायची यावर दोन दिवस अडलो होतो. ठेवली. आकड्याच्या जागी 'बाजार बंद' असं लिहितो आणि आलेखात तिथे रेषा तुटते.

बाबांनी काल कोणाला न विचारता मागच्या वर्षीचा आठवडा शोधला.

बागायती_नरखेड | शुक्रवार, सकाळी ५.५०

पाहिलं. बारीक फळाची रेषा वेगळी दिसते. बरं केलं.

कानांनी_वाचतो | शुक्रवार, सकाळी ११.३०

आत्ताच पूर्ण तक्ता ऐकला. 'बाजार बंद' नीट ऐकू येतं, तारीखही महिन्याच्या नावासकट येते. आवकेच्या मथळ्यात मात्र एकक नाही. नुसतं "आवक, १२०" ऐकू आलं, क्विंटल की टन ते कळलं नाही. तेवढं मथळ्यातच घाला.